एका खणात बसेल एवढं

दवाखान्यात पट्ट्या नेहमी कमी पडायच्या. वापरलेल्या धुवा, उकळा, वाळवा, पुन्हा गुंडाळून डब्यात भरा, हे काम माझ्याकडे होतं. किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत. ते न धुता, न उकळता आपोआप साठत गेले!

मी तेव्हा दहिवलीला आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नर्स होते. लढाई नुकतीच संपली होती, पण कापड अजून कंट्रोलवरच होतं, कार्डावर मोजून मिळायचं. बाई मुंबईला शिकून आलेल्या, आवाज खणखणीत, आणि त्यांचा एक नियम होता. रोग्याला जे मिळणार असेल, त्यापेक्षा एक बोट कमीच सांगायचं.

ताप तीन दिवसांत उतरेल असं वाटलं, तर बाई चार दिवस सांगायच्या. एकदा कशेळ्याहून एक म्हातारबुवा रागावून आले. "बाई, तुमी चार दिस म्हनला व्हता. ताप तिसऱ्याच दिशी गेला!"

"मग वाईट काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मी पोरीच्या सासरी, चौथ्या दिसापत्तुर ती माह्येरीच ऱ्हाईल म्हनून निरोप धाडला ना! आता ती जायला निघालीय!"

बाईंनी त्यांना आणखी एक दिवस सक्तीची विश्रांती लिहून दिली. मुलीला दाखवायला चिठ्ठीसुद्धा दिली!

---

द्वारका आली ती पावसाळा संपल्यावर. चौक गावाच्या पलीकडची वाडी, वय असेल अठ्ठावीस, पदरात तीन मुलं. सोबत सासू, भागामावशी. द्वारकेची छाती इतकी जड होती की ती बाकावर बसली तरी दोन्ही हात मांडीवर टेकवून, अंग सावरून बसायची. मी पडदा ओढला. तिच्या दोन्ही खांद्यांवर चोळीने पाडलेले खोल वळ होते, आणि छातीखालची कातडी घामाने सोलवटली होती. मला फार वाईट वाटलं.

"मान दुखती, पाठ दुखती," ती म्हणाली. "पन त्याचं नाय काय. औंदा भाताच्या लावणीला मला रांगेतून काढलं. वाकलं की उठता येत नाय. बांधावर बसून म्हाताऱ्यांसंगं रोपाच्या जुड्या बांधल्या मी!"

लग्न होऊन आली तेव्हा रांगेत हीच सगळ्यांच्या पुढे असायची, हे भागामावशींनीच सांगितलं. सांगताना त्यांचाही आवाज जरा उतरला. पण लगेच त्या मूळ पदावर आल्या. "आणि चोळीला दीड खण लागतो हिला! कंट्रोलच्या दिसांत दीड खण कुटून आनायचा वो?"

आमच्याकडे सवाष्णीची ओटी भरताना नारळ, तांदूळ आणि एक खण देतात. एका खणात एक चोळी, असा सरळ हिशेब. द्वारकेच्या ओटीत आलेला एकही खण तिच्या अंगाला लागला नव्हता. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळायचा नाही, म्हणून ते सगळे घडी घालून पेटीत पडले होते.

---

बाईंनी तिला सांगितलं, "हे ऑपरेशन करून कमी करता येतं. मुंबईला माझे सर आहेत, ते करतात."

द्वारकेचे डोळे एवढे मोठे झाले! "मग मला लग्नाआदी व्हते तशी करा."

"ते नाही होणार."

"का?"

"तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. डॉक्टर ओझं उतरवतात, वर्षं नाही उतरवत."

मग बाईंनी एकेक सांगायला सुरुवात केली. व्रण राहतील, आयुष्यभर राहतील. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असं नाही. यापुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईल याचा भरवसा नाही. द्वारकेने बोटांवर मुलं मोजली. "तीन हायेत," ती म्हणाली. "फुडं झालंच तर गाय हाय गोठ्यात."

"मग आता सांग, किती कमी हवं?"

आता हिला इंच ठाऊक नाही, आणि पायली-शेरात हे सांगायचं कसं? तिने आपल्या चोळीचा जोड चाचपून पाहिला. मग तिने मान वर केली.

"एका खणात चोळी बसंल, एवढं करा."

बाईंनी टेबलावर थाप मारली आणि माझ्याकडे वळल्या. "कुसुम, हिच्या कागदावर लिही. एक खण!"

---

नवऱ्याची संमती लागायची. पुढच्या बाजाराला धोंडू आला. डोक्यावरचं पागोटं काढून त्याने मांडीवर ठेवलं आणि त्याच्याशीच बोलायला लागला.

"म्हंजे... करा. पन लई बी कमी... म्हंजे तसं नाय... पन मी काय म्हनतो..."

बाईंनी त्याला मधेच थांबवलं. कोपऱ्यात भाताच्या तुसाचं पोतं होतं, आम्ही ते चुलीला वापरायचो. त्यातल्या तुसाची दोन गाठोडी करून बाईंनी त्याच्या गळ्यात पुढच्या बाजूला बांधायला लावली, आणि त्याला अंगणातला पाचोळा वाकून वेचायला सांगितला. बाहेर बाकावर रोगी बसलेलेच होते. त्यांची चांगलीच करमणूक झाली!

धोंडूने निम्मं अंगण साफ केलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अंगठा कुटं करायचा वो?"

---

बातमी वाडीत पसरली. आठवड्याभरात द्वारकेची शेजारीण गोदा दवाखान्यात हजर! ही अंगाने काडी. पदराशी चाळा करत बसली, बाकीचे रोगी जाईपर्यंत हलेना. शेवटी माझ्या कानाशी आली.

"नर्सबाई, द्वारकीचं जे काढनार, ते टाकनार का?"

"टाकणारच. का गं?"

"मला लावा की! वाडीतलं वाडीत ऱ्हाईल!"

मी हे बाईंना सांगितलं. आतल्या खोलीत जाऊन त्या किती वेळ हसत होत्या! पण बाहेर आल्या तेव्हा चेहरा गंभीर. गोदाला जवळ बसवून त्यांनी नीट समजावलं की एकीचं अंग दुसरीला लागत नाही, आणि तिला कशाची उणीव नाही, जेवण तेवढं वाढवायला हवं. जाताना गोदा म्हणाली, "मंग निदान तिच्या चोळीतला उरलेला अर्दा खण तरी मला द्यायला सांगा!"

---

भात झोडून झाल्यावर मी द्वारकेला आणि भागामावशींना घेऊन मुंबईला गेले. बाईंचे सर म्हणजे मोठे सर्जन. उंच, गोरे, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. बोलायचे इंग्रजीत, आणि तेही मोजून. बाईंची चिठ्ठी त्यांनी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साइझ: वन खण? व्हॉट इज धिस?"

मी उत्तर देईपर्यंत द्वारकेने कमरेची पिशवी उघडली. आतून ओटीतला एक हिरवा खण काढला आणि सरांच्या टेबलावर, त्यांच्या जाड पुस्तकावरच अंथरला. कर्जतच्या बाजारातल्या आप्पा शिंप्याकडून तिने त्यावर खडूने रेघा मारून आणल्या होत्या. एका खणातून बेताची चोळी निघायची तर पुढचे तुकडे केवढे, टीप कुठे, चिमटी कुठे, सगळं आखलेलं!

सर वाकले. खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग आपलं पुस्तक खणाखालून ओढून काढून त्यातलं एक चित्र शेजारी ठेवलं. तेही आखलेलंच होतं, फक्त शाईने. बराच वेळ ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"हे कुठल्या सर्जनने आखलं आहे?"

---

ऑपरेशन चांगलं झालं. मी दारापाशी उभी होते, आणि सरांनी बाहेर येऊन नुसती मान हलवली तेव्हा मी डोळे मिटून हात जोडले. भागामावशींना वाटलं काहीतरी वाईट झालं, त्यांनी मोठ्याने रडायला सुरुवात केली! त्यांना गप्प करता करता मीच रडायला लागले.

पण खरा घोळ चौथ्या दिवशी झाला. द्वारकेच्या छातीभोवती कापसाचे थर, त्यावर पट्ट्यांचे वेढे, आणि आत सूज. मी औषध आणायला गेले असताना भागामावशींनी तो हिरवा खण काढला, आणि एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत पट्ट्यांवरूनच लावून पाहिला. मी परत आले तर सासू-सून दोघीही डोळ्यांना पदर लावून बसलेल्या!

"फुकट गेलं गं बाय सगळं!" भागामावशी म्हणाल्या. "दीड नाय, आता पावणेदोन खण लागतोय!"

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या भागामावशी कसल्या! भेटायला आलेल्या गाववाल्याबरोबर त्यांनी हाच निरोप वाडीत पाठवला. आम्ही टाके काढून परत येईपर्यंत चौकपासून खालापूरपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की मुंबईच्या डॉक्टरांनी द्वारकेची छाती वाढवून दिली!

बाईंनी भागामावशींना समोर बसवलं. "मावशी, भाकरी तव्यावर फुगते तेव्हा तिची जाडी मोजता का?"

"नाय."

"मग शिमग्यापर्यंत खण पेटीत. शिंप्याकडे जायचं नाही."

---

शिमगा झाला. सूज पार ओसरली, खांद्यावरचे वळ भरून येऊ लागले. पण आप्पा शिंपी बायकांच्या अंगाला टेप लावत नसत. जुनी चोळी नमुन्याला द्यायची, तिच्या मापाने ते नवी बेतायचे. आता द्वारकेच्या नव्या मापाची जुनी चोळी आणायची कुठून?

मग वाडीतल्या सगळ्या बायका आपापली एकेक चोळी घेऊन द्वारकेच्या घरी जमल्या. बाईंनी मलाही पाठवलं होतं. दार लावून घेतलं, आणि द्वारका एकेक चोळी घालून बघायला लागली. ही दंडात घट्ट, ती पाठीत सैल. गोदाची तर हातातसुद्धा जाईना. शेवटी एकीची चोळी अशी बसली की पुढची गाठ अलगद बांधली गेली. ओढावं लागलं नाही, श्वास धरावा लागला नाही. द्वारका त्या गाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

ती चोळी होती लावणीच्या रांगेत आता सर्वांत पुढे असणाऱ्या चंद्राची. चंद्रा म्हणाली, "चोळी घाल, पन माजी जागा नाय मिळायची हां!"

आप्पांनी हिरवा खण कापला, चोळी शिवली. आणि तिसऱ्या दिवशी ते दुकान टाकून स्वतः दवाखान्यात आले. शिंपी उरलेलं कापड परत देतो असं कुणी ऐकलंय का? पण आप्पांनी बाईंच्या टेबलावर हिरव्या खणाची एक पट्टी ठेवली. काठासकट, चांगली चार बोटं रुंद.

"बाई, द्वारकीच्या चोळीतनं उरली! दीड खण जोडून शिवायचो मी जी, त्या चोळीतनं!"

बाईंनी ती पट्टी पाकिटात घातली, वर चार ओळी लिहिल्या आणि आपल्या सरांना मुंबईला पाठवून दिली. सरांचं उत्तर काही आलं नाही.

---

आषाढात बाई आणि मी मुद्दाम वाडीवर गेलो. गुडघाभर चिखलात बायकांची रांग लागली होती, सगळ्यांच्या डोक्यावर पावसासाठी पानांची इरली. कोण कुठली ते ओळखू येईना. बांधावर भागामावशी उभ्या होत्या, त्यांना विचारलं तर त्यांनी नुसतं रांगेकडे बोट केलं.

रोपं लावत रांग मागे मागे सरकत आमच्या बांधापर्यंत आली. दोघी एकदमच पोचल्या, एकीच्या पाठीला दुसरीचं कोपर लागेल इतक्या जवळ. आधी कोण यावरून दोघींचं भांडण सुरू झालं. एक चंद्रा. दुसरीने इरलं मागे सारलं, कमरेवर हात न ठेवता सरळ उभी राहिली, आणि हिरवी चोळी दिसली.

"आदी मीच!" द्वारका ओरडली. भागामावशींनी तोंडात पदर कोंबला. बाईंच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं.

---

त्यानंतर वर्षभराने मी पुन्हा मुंबईला गेले. खालापूरची एक पोरसवदा सून होती, तिचंही दुखणं द्वारकेसारखंच. ती एकटी यायला घाबरत होती, म्हणून तिला धीर द्यायला सोबत कोण आलं असेल? भागामावशी! वाटभर त्यांनी तिला व्रणांपासून सुजेपर्यंत सगळं सांगितलं. "पट्ट्यांवरनं मोजायचं नाय हां! मी एक येडी मोजून बसली व्हती!"

सरांच्या खोलीत गेलो. चेहरा तसाच, हसू औषधालाही नाही. त्यांनी मुलीला तपासलं, चिठ्ठीवर लिहायला सुरुवात केली. भागामावशींचा पदर धरून तिने विचारलं, "सायब, मंग चोळीला किती लागंल?"

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. सरांनी हाताने मला थांबवलं. टेबलाचा वरचा खण ओढला, जाड पुस्तक बाहेर काढलं. पुस्तकात खूण म्हणून एक हिरवी पट्टी घातलेली होती, काठासकट. ती काढून त्यांनी मुलीसमोर टेबलावर ठेवली, आणि तळहाताने नीट सपाट केली.

"एक खण," सर मराठीत म्हणाले. "आणि वर एवढं उरेल."

मुलीने भागामावशींकडे पाहिलं. मावशी पुढे झाल्या. पट्टीवर एकेक करून चार बोटं टेकवून पाहिली, आणि वळून माझ्या कानात म्हणाल्या,

"नर्सबाई, मी हिला तीनच सांगितली हायेत!"