काकीच्या खळ्यावर चाकांचं घर

तळा या आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडवर मी मुंबईच्या गाडीत बसले तेव्हा खिडकीखाली आबा आणि काकी उभे होते. आबा म्हणजे माझे वडील. काकी भांडत होती, कारण सुकटीची तिसरी पिशवी मी घ्यायला तयार नव्हते. "तिकडं काय भेटणार हाय तुला? बरफ?" असं ओरडून तिनं ती पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. गाडी हलली तेव्हा आबांनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि एवढंच म्हणाले, "जाशील तिथं आधी पाणी कुठं हाय ते बघ." मुलीला परदेशी पाठवताना कुणी असं काही सांगतं का? पण आबा गावच्या नळपाणी योजनेवर व्हॉल्व्ह सोडायचं काम करायचे. त्यांना सगळं जग पाण्याच्या बाजूनंच दिसायचं.

त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात, एका छोट्या गावाच्या हॉस्पिटलात मी नर्स आहे. तिथे उन्हाळा आला की निम्मं गाव कॅम्पर घेऊन बाहेर पडतं. नवरा आणि मीही शिकलो. चाकांवरचं घर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. इतकुशा जागेत गॅस, फ्रीज, पलंग आणि संडास कसं काय बसवलं असेल, हे बघायला मी सगळी कपाटं उघडून आत डोकं घालायची. मुक्कामाला पोचल्यावरची कामं ठरलेली असतात. पाण्याचा नळ शोधायचा आणि गाडी अगदी सपाट जागेवर उभी करायची, नाहीतर फ्रीज रुसतो आणि झोपेत माणसं एका बाजूला घरंगळतात. पहिलं काम करताना दर वेळी आबा आठवायचे.

आबा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. बर्फाच्या वादळात विमानं बंद होती. मी खिडकीशी उभी राहून सगळं फोनवर ऐकलं. आई मी सहावीत असतानाच गेली होती, तेव्हापासून शेजारच्या घरातली काकीच माझी आई. माझ्यावर ओरडायचं कामही तिनं कुणाला दिलं नव्हतं. केस कापले, ओरडा. फोन उशिरा केला, ओरडा. आबा गेले आणि ते थांबलं. फोन केला की म्हणायची, "बरं हाय सगळं. तुमचं बरं हाय ना?" आणि फोन ठेवून द्यायची. रागावलेली काकी मला चांगली माहीत होती. ही काकी मला माहीत नव्हती. ती आतून चिडली आहे, की तिनं मला सोडूनच दिलंय, हे मला समोर जाऊन बघायचं होतं. खरं सांगते, मला भीती वाटत होती.

मग गेल्या नोव्हेंबरात आम्ही आलो. सुनीलनं, माझ्या नवऱ्यानं, मुंबईत चक्क कॅम्पर भाड्यानं मिळवला. कुणाला आमची अडचण नको, अंथरुणं काढायला नकोत, असा आमचा समजूतदार विचार होता. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हा विचार पटेल. जे मागे राहिलेत त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल.

पहिला मुक्काम चौलला, मावशीकडे. वाड्यांमधल्या बोळातून गाडी सरकताना दोन्ही बाजूंनी सुपारीची झाडं काचेला खेटत होती. मावशी निवृत्त शिक्षिका. तिनं गाडीची शाळेसारखी तपासणी केली. पडदे ओढून पाहिले, पलंग दाबून पाहिला आणि गॅसच्या मागचं छोटं दार उघडून विचारलं, "चुलीला लागून संडास?" मी सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि खाली उतरता उतरता म्हणाली, "तू भांडीकुंडी घेऊन पाहुणी आलीस होय?" जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, पण पाणी आलं ते ट्रेमध्ये, सील न फोडलेल्या बाटलीतून. "तुम्हाला इथलं बाधायचं," ती म्हणाली. मी माठाकडे बघत ती बाटली संपवली.

दुसऱ्या दिवशी साळावचा पूल ओलांडून रोह्यावरून तळ्याकडे निघालो. भात कापून झालेलं होतं. मी काचेला नाक लावून बसले होते. तिकडे गव्हाच्या एका शेताच्या टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, आणि इथं बांधावरून बांधावर उडी मारता येईल एवढी एकेक खाचरं. एवढ्याशा तुकड्यांवर आमची सगळ्यांची शिक्षणं झाली कशी, हे कोडं मला पहिल्यांदाच पडलं.

गावात पोचलो तेव्हा काकीच्या दाराला कडी होती. ती शेतावर असणार. आमच्या गावात सपाट जागा म्हणजे नवलच, पण घराच्या खालच्या अंगाला, रस्त्याला लागून, एक गोल तुकडा दिसला. सपाट, स्वच्छ, शेणानं गुळगुळीत सारवलेला. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, काकीनं आमची गाडी येणार म्हणून जागा सारवून ठेवली! मी खाली उतरले आणि हात हलवत सुनीलला मागे घेतलं. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." गाडी अशी बसली की फोनमधल्या सपाटी मोजायच्या लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध. मी त्याचा फोटोही काढला.

तेवढ्यात डोक्यावर भाताचा भारा घेऊन काकी वळणावर आली. तिनं भारा तिथेच रस्त्यात टाकला.

"अगं ए! डोळं हायत का बटाटं?"

मी चाकांखाली पाहिलं. वरून सुकलेलं सारवण आत ओलं होतं, आणि चारही चाकं वीतभर रुतली होती. ते खळं होतं. ज्या खळ्यावर भात झोडपताना मी लहानपणी पेंढ्यात लोळले, ते मला पार्किंग वाटलं होतं.

"दोन दिस चोपलंय मी ते! कंबर मोडली माझी. उद्या झोडणी हाय, मानसं सांगितल्यात. आता भात काय तुझ्या डोक्यावर झोडपू? भाताच्या घरात जलमलीस नि खळं कळत न्हाय व्हय तुला? आबा असतं तर ह्याच चोपण्यानं चोपली असती तुला!"

ती थांबेना. फोन करत नाहीस, वाळलीस किती, त्या वक्ताला आली न्हाईस. हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज फाटला. मीही तिथेच रडायला लागले. मग तिला एकदम सुनील दिसला. तिनं पदर सावरला, आवाज खाली आणला आणि प्लॅस्टिकची खुर्ची आणून तीवर टॉवेल घातला. "बसा जावईबापू." त्याला ट्रेमध्ये बाटलीचं पाणी आलं. तो बिचारा बाटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या हातात तिनं बादली दिली.

"शेण मी कालवते. पानी आण. कुठं हाय ते तुला सांगाया नको."

नळ आता घरोघरी आले आहेत, पण पाणी सकाळीच सुटतं. मी गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या विहिरीवर गेले. वर जाळी बसवलीय, तिचा एक कोपरा उचलायचा असतो, तो कुठला ते बघून बघून शोधलं. परत येताना निम्मी बादली पायावर सांडली. "अर्धं वाटेला पाजलंस," काकी म्हणाली. गाडी काढून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी चाकांच्या खुणांमध्ये माती भरत होतो. ती चोपण्यानं, म्हणजे त्या जाड लाकडी थापीनं, माती बडवायची आणि मी मागून सारवायची. माझं सारवण तिनं दोनदा पुसून पुन्हा केलं. रात्री गाडीत झोपायचा विषय मी काढलाच नाही.

तिकडे कुणी विचारतं, होम म्हणजे तुला हे की ते? वीस वर्षं मी काहीतरी गोलगोल उत्तर द्यायची. आता मला एवढं कळलंय की पाहुणीला पाणी आणून देतात आणि घरच्या माणसाला आणायला पाठवतात. आबांचं ते वाक्य मी इतकी वर्षं परक्या गावांसाठी वापरलं. ते आपल्या गावालाही लागू होतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

परवा काकीचा फोन आला, तिनं स्वतः केलेला. झोडणी कधीच झाली, पण खळ्याच्या कडेला एका चाकाची खूण अजून दिसते म्हणे. "पुढल्या वर्साला खळं करायच्या आदी ये. नि चोपून जा."

रजेचा अर्ज मी त्याच दिवशी टाकला. कॅम्पर मात्र या वेळी नको.