सावली आधी काढणारे मास्तर

साळवे मास्तर आत आहेत, हे मी घसा फाटेस्तोवर ओरडून सांगत होतो आणि आमच्या अख्ख्या इमारतीने आग विझवायच्या बंबावरून उतरलेल्या साहेबाला सांगितलं, "नाही हो, सगळे बाहेर आहेत, मास्तर तर आत्ता दारात उभे होते. ह्याचं काय ऐकता, हा असाच बोलतो." त्यांचं तरी काय चुकलं? थोड्याच वेळापूर्वी मी त्या सगळ्यांना एक सणसणीत थाप मारून रस्त्यावर आणलं होतं. इमारतीची मागची बाजू जिन्यासकट खाली आली होती, धुळीत समोरचा माणूस दिसत नव्हता, आणि मी पहिल्यांदाच खरं बोलत होतो... शेवटी फुटपाथवर मांडी घालून बसलेली सावंतांची आजी म्हणाली, "मास्तर वर आसत. माझ्या गणपतीकडे बसलेत." तेव्हा कुठे गलका थांबला.

ह्याला आता काही आठवडे झाले. मास्तरांबद्दल लिहा असं चार जणांनी सांगितलं, आणि चौघांनीही वर बजावलं, "पण बाबी, खरं लिही." म्हणून आधीच सांगून टाकतो, मी बाबी परब. लालबाग आणि परळच्या मधल्या आमच्या गल्लीतल्या मंडळाचा माईक उभा जन्म माझ्या हातात होता. हरवलेलं पोर, सापडलेली चप्पल आणि न आलेला पाहुणा, तिन्ही मी एकाच जोशात पुकारायचो. आमच्या विसर्जनाला समुद्र दोन पावलं मागे सरला, असं मी एकदा ठोकून दिलं, तर पुढच्या वर्षी लोक मलाच ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होते. माझ्या थापांना आमच्या गल्लीत कधी गिऱ्हाईक कमी पडलं नाही.

मास्तर म्हणजे ह्याच्या नेमके उलट. शामुवेल साळवे, मूळचे नगरकडचे, धर्माने ख्रिस्ती, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. बायको गेलेली, मुलगी मार्था नगरला नर्स. माणूस खोटं म्हणून बोलायचा नाही. दूधवाल्याने सहज "दूध कसं आहे मास्तर" विचारलं तर "पातळ आहे" सांगायचे, आणि त्याचा चेहरा पडला की "पण तू माणूस चांगला आहेस" हेही सांगायचे, आणि तेही खरंच असायचं. आवाज इतका हळू, की त्यांच्याशी बोलताना गॅलरीतली मांजरंसुद्धा पुढे सरकून कान द्यायची. बरं, मांजरं नाही, पण आम्ही माणसं सरकायचो.

दर रविवारी प्रार्थनेहून आले की ते गॅलरीत काळा फळा टेकवायचे आणि इमारतीतली सगळी पोरं गोळा व्हायची. आयाबापांची हरकत नव्हती, कारण फुकटात चित्रकला शिकायला मिळायची, आणि पोरांना गोष्ट मिळायची. त्यांची पद्धत मात्र जगावेगळी. ते आधी सावली काढायचे. खडू आडवा धरून फळ्यावर एक लांबट करडा डाग ओढायचे आणि विचारायचे, "ही कशाची?" कोणी म्हणायचं होडी, कोणी म्हणायचं म्हैस. मग गोष्ट सुरू व्हायची, नोहाची. लोक खात होते, पीत होते, लग्नं लावत होते, आणि एक म्हातारा कोरड्या जमिनीवर तारू बांधत बसला होता. लोक हसले. मग तारवाचं दार लागलं, आणि ते आतल्या माणसाने लावलं नाही, देवाने बाहेरून लावलं. मास्तर मागे होऊन त्या डागाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ही गोष्ट झालेली नाही, मुलांनो. ही सावली आहे. वस्तू अजून यायची आहे. ऊन तिच्या पाठीमागे आहे, म्हणून सावली आपल्यापर्यंत आधी पोचली."

त्यांच्या लेखी बायबलातली प्रत्येक जुनी गोष्ट अशीच शेवटच्या दिवसाकडे बोट दाखवत उभी होती. सदोम नगर जळणार म्हणून लोट जावयांना उठवायला गेला, तर जावयांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. ती सावली. यरीहोच्या भोवती शिंगं फुंकली आणि भिंती पडल्या. तीही सावली, शेवटच्या दिवशी वाजणाऱ्या सात कर्ण्यांची. मी मुद्दाम खोड काढायचो. "मास्तर, आमच्या गिरण्यांचे भोंगे वाजून वाजून बंद पडले आणि मग भिंती पाडल्या, त्याचं काय?" ते हसायचे नाहीत. "तीसुद्धा सावलीच, बाबी. फक्त तुमच्या दारात पडली म्हणून तुम्हाला वस्तू वाटली." मोठी माणसं जाता येता टोमणे मारायची. पहिल्या मजल्यावरचे राणे म्हणायचे, "मास्तर, जगबुडीची तारीख तेवढी सांगा, म्हणजे पेपरवाल्याला पेपर बंद करायला सांगतो." मास्तर शांतपणे सांगायचे, "तारीख कोणालाच ठाऊक नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका." आणि मी? मी त्यांच्याच गोष्टी दुसऱ्या दिवशी नाक्यावर विकायचो, योनाला गिळणारा मासा भायखळ्यापासून दादरपर्यंत लांब करून. मास्तरांच्या कानावर जायचं. "फार ओढलास," एवढंच म्हणायचे.

आमच्या इमारतीला टेकू लागून इतकी वर्षं झाली होती, की पोरांना वाटायचं टेकू आधी आले आणि इमारत मागून. टेकूंवर कपडे वाळायचे, टेकूच्या खांबाचे स्टंप व्हायचे. नव्या इमारतीची बोलणी आमच्या लग्नाआधीपासून चालू, आणि चाव्या कधी मिळणार हा आमचा रोजचा विषय. तर ह्या गणपतीत, चौथ्या दिवशी सकाळी, मास्तरांचं दार लागेना. चौकट तिरकी झालेली. तसं सगळ्यांचंच दार अडत होतं, पण पावसाळ्यात लाकूड फुगतंच, म्हणून कोणी रंधा मारला, कोणी लाथ. मास्तर मात्र त्या न लागणाऱ्या दाराजवळ उभे राहिले, आणि त्यांना भिंतीच्या आतून वाळू झिरपल्यासारखा आवाज आला. ते दारोदार गेले. "खाली चला. सगळे खाली चला, इमारत जाणार."

राणे म्हणाले, "आज कुठलं काढलंय मास्तर, नोहा की यरीहो?" त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "मांडवातली आरती तरी होऊ द्या, मग आणा तुमची जगबुडी." वरच्या मजल्यावर तर त्यांना चहाच दिला. इतकी वर्षं ते सावली दाखवत आले होते, आणि वस्तू आली तेव्हा लोकांनी तीही सावलीच धरली.

मग ते माझ्याकडे आले. मी मांडवात माईकची वायर सोडवत होतो. म्हणाले, "लोटाचे जावई हसले होते, तसे हसतायत. माझं कोणी ऐकणार नाही. तू सांग."

"काय सांगू?"

"काहीही सांग. तुझ्या पोतडीत काय कमी आहे."

"मास्तर, तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय?"

"यरीहोत राहाब नावाची बाई हेरांना लपवून खोटंच बोलली होती," ते म्हणाले. "भिंत पडली, तिचं घर राहिलं. बोल लवकर."

मी माईक उचलला आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. बिल्डरची माणसं नव्या जागेच्या चाव्या घेऊन नाक्यावर उभी आहेत, घरातलं प्रत्येक माणूस हजर पाहिजे, जो दिसणार नाही त्याचं नाव कटणार. बघता बघता इमारत ओकल्यासारखी रिकामी झाली. रेशनकार्डं, लाइटबिलं, आधारकार्डं, कोणाची तर लग्नपत्रिकाही. राण्यांच्या लकवा झालेल्या वडिलांना खुर्चीसकट उचलून आणलं, आणि म्हाताऱ्याने वाटेत केस विंचरून घेतले. ह्यात मी काहीही वाढवलेलं नाही. खाली येऊन बघतात तर ना बिल्डर ना चाव्या. मला ज्या शिव्या पडल्या त्या इथे छापता येणार नाहीत. लोक परत वळायला लागले, तसे मास्तर दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले, आणि त्यांनी विचारलं, "कोण राहिलं?"

सावंतांची आजी राहिली होती. बाकीच्यांचे गणपती गावच्या घरी किंवा दीड दिवसाचे, सावंतांचा मात्र इथेच आणि पाच दिवसांचा. तिचा मुलगा दिलीप म्हणाला, "गणपती आहे ना घरात. ती म्हणाली, तुम्ही चावी घेऊन या, मी बसते." मूर्ती घरात असेपर्यंत घर रिकामं सोडायचं नाही, कोणीतरी बसलं पाहिजे, समई विझता कामा नये. हे आम्हा कोकणातल्या माणसांना कोणी शिकवत नाही, श्वासासारखं येतं. दिलीपला त्यात चुकीचं काही वाटलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही.

मास्तर जिना चढायला लागले. मी मागोमाग. आजी गणपतीसमोर चटईवर बसली होती. मी हात जोडले, विनवलं, तिची एकच गोष्ट, "मी येवचंय नाय. गणपती घरात आसताना घर मोकळा टाकतत काय?" तेवढ्यात छताची एक कौलाएवढी खपली आमच्या मधोमध पडली. मास्तरांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि तिच्याशेजारी चटईवर बसले.

"आजी, मी बसतो. तुम्ही जाऊन या."

आजीने त्यांच्याकडे पाहिलं. मार्था लहान असताना मास्तर तिला मांडवातला प्रसादसुद्धा घेऊ देत नसत, हे आजीला ठाऊक होतं. "तुमका चलात?"

"मला चालेल. तुमच्या गणपतीला विचारा."

आजी चक्क मूर्तीकडे बघत राहिली, उत्तर मिळाल्यासारखी उठली, आणि उठता उठता म्हणाली, "समई विझाक देव नकात. तेल थंय आसा." मी तिला पाठुंगळीला घेतलं. दारातून मास्तरांना म्हटलं, "ती खाली पोचली की उतरा. कोण बघतंय?"

ते म्हणाले, "मी बसतो म्हणालोय, बाबी." आणि तेलाचं भांडं जवळ ओढलं.

दिव्यात तेल असलेल्या आणि नसलेल्या दहा कुमारींची गोष्ट त्यांनी किती रविवार सांगितली होती. नवरदेव येतो, तेल असलेल्या आत जातात, आणि दार लागतं. मी वळून पाहिलं तेव्हा मास्तर समईची वात पुढे सारत होते. मी आजीला रस्त्यावर टेकवलं, परत फिरलो, आणि पाय ठेवायला जिन्याची पहिली पायरीच नव्हती.

लोक मला विचारतात, मूर्ती शाबूत सापडली का. समई तेवत होती का. लालबागला अशी गोष्ट ऐकायला कोणाला नको आहे? आणि माझ्याइतकी चांगली कोण सांगेल? पण नाही. मूर्तीचा चुरा झाला होता. समई चेपली होती. मास्तरांना बाहेर काढायला संध्याकाळ झाली, आणि त्यांचा चेहरा शांत वगैरे होता असंही मी म्हणणार नाही.

शिवडीला त्यांना माती दिली त्या दिवशी त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी ठरवलं होतं, की मास्तर म्हातारीला सोडवायला गेले आणि जिन्यात अडकले. माझ्या तोंडून दुसरं काही ऐकायला कोणी तयार नव्हतं. मार्थाने मला बाजूला घेतलं.

"काका, पप्पा मूर्तीसमोर बसले होते, असं इमारतीतले लोक म्हणतात. ह्यात तुमचं किती?"

"काहीच नाही."

"ते नाही बसणार. तुम्ही ओळखता त्यांना."

"मूर्तीसाठी नव्हते बसले, बाय."

"मग कशासाठी?"

मी आजीचं सांगायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "मला खोटं सांगून बरं वाटायला नकोय," आणि निघून गेली.

महिन्याने ती परत आली, थडग्यावर प्रार्थना होती म्हणून. आता आम्ही सगळे तात्पुरत्या वसाहतीत आहोत, एकाला एक लागून खोल्या. सावंतांच्या आजीला तिने भेटायला जावं असं मीच सुचवलं होतं. इमारत पडली त्या दिवसापासून आजी खोलीबाहेर पडलेली नव्हती. खोलीत देव्हारा नाही, ट्रंका आहेत आणि पलंग, तरी ती कोपऱ्याकडे तोंड करून चटईवर बसायची. सून म्हणायची बाहेर चला, डॉक्टर म्हणायचा चाला, तिचं एकच, "कोणीतरी बसाक व्हया." कशासाठी, हे आम्ही कोणी विचारत नसू.

मार्था दारात चपला काढून आत गेली. आजीला म्हणाली, पप्पांकडे चला माझ्याबरोबर. आजीने नकाराची मान हलवली. मार्था नर्स आहे, हट्टी म्हाताऱ्या माणसांची तिला सवय. मग ती आजीच्या शेजारी चटईवर बसली, पदर सारखा केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बरं आजी, मी बसते. तुम्ही जाऊन या."

दिलीप हातातला कप धरून जागच्या जागी थांबला. तिच्या पप्पांचे ते शब्द मार्थाला कोणी सांगितले नव्हते. निदान मी तरी नाही. आजीने तिचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, आणि गुडघे कुरकुरत स्वतः उठली, तिला ओढत.

"तसा बोला नको. ऊठ. आधी तू ऊठ, बाय."

"आजी, अहो..."

"ऊठ."

मार्थाने आजीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कशासाठी, हे तिने मला पुन्हा विचारलं नाही. आजी तिला पुढे घालून, मनगट न सोडता, अनवाणी वसाहतीच्या गेटपर्यंत गेली, तिथून टॅक्सीत बसून शिवडीला. आम्हीही सगळे मागोमाग निघालो. खोलीत कोणी थांबलं नाही, आणि दार ओढून घ्यायचंही कोणाला सुचलं नाही.