खिडकीजवळ बसलेली आत्या

लहान पोरांचा इतका आदर करणारी बाई आमच्या आत्याशिवाय साऱ्या दिल्लीत दुसरी नसेल. तिथल्या द्वारका भागात तेव्हा सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या, मेट्रो यायची होती आणि पाणी टँकरने येत होतं. मी गुडगावातल्या एका नव्या कंपनीत लागलो होतो आणि आत्याच्या दोन खोल्यांत मुक्काम ठोकला होता. ती जवळच्या शाळेत नर्सरीला शिकवायची. 'शिकवते' म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही. "पोरं एकमेकांबरोबर राहायला शिकतात, मी नुसती तिथे असते," म्हणायची.

माणसाशी बोलायचं तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन, हा तिचा नेम. त्यामुळे वर्गात दिवसभर गुडघ्यांवर, आणि घरी आल्यावर त्याच गुडघ्यांना तेल. एकदा सोसायटीचे सहाफुटी सेक्रेटरी टँकरच्या रांगेत मधेच घुसले, तेव्हा ही पाच फुटांची बाई बादली उपडी घालून तिच्यावर चढली आणि गोड आवाजात म्हणाली, "भाईसाहब, जल्दी है तो सबको बता दीजिए ना. हम सुन लेंगे." सेक्रेटरी मुकाट्याने रांगेच्या टोकाला गेले. तिच्या वर्गात 'सॉरी'ला बंदी होती. "सॉरी म्हणजे आंघोळ टाळून पावडर फासणं!" कुणी कुणाला चावलं, तर चावणाऱ्याने विचारायचं, तुला आता कशाने बरं वाटेल? एका मुलीने नुसतं "फूँक मारो" म्हटलं होतं. ते सांगताना आत्या इतकी रंगली, की ती ओतत असलेला चहा माझ्या कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर आला.

आणि एके दिवशी तीच चुकली. पोरांनी बरणीत राजमा रुजवला होता, रोज सकाळी कोंब बघायला झुंबड उडायची. ती बरणी फुटली. आत्याचं डोकं त्या दिवशी ठणकत होतं. काचांजवळ नैना नावाची अबोल मुलगी उभी दिसली. एक शब्दही न विचारता आत्या तिला रागावली आणि खिडकीजवळ एकटीला बसवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतली आया म्हणाली, झाडताना धक्का आपलाच लागला होता.

आत्याने वर्गाला गोल बसवलं आणि नैनासमोर गुडघे टेकले. "नैना, मैंने बिना पूछे डाँटा. गलती मेरी थी. अब तुम्हें कैसे अच्छा लगेगा?"

नैनाने खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आप भी वहाँ बैठो. अकेले."

आत्या त्या चिमुकल्या खुर्चीवर जाऊन बसली. नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका नव्या पालकांना शाळा दाखवत आल्या. "मैडम, आप यहाँ?"

"जी, मेरी सज़ा चल रही है."

पालक हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. ती मंडळी गेल्यावर नैना आपली खुर्ची ओढत आली आणि आत्याला चिकटून बसली.

'अशाने शिक्षकांचा मान जातो, पुन्हा असं करणार नाही हे लिहून द्या,' असा मुख्याध्यापिकांचा निरोप आला. आत्याने लिहून दिलं नाही. मार्चअखेर नोकरी संपली आणि तिने नागपूरला बहिणीकडे जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या सकाळी मी चिडलो. "एका ओळीचा तर कागद होता, आत्या! एवढ्याशा पोरीपायी कसला हा हट्ट?"

साड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली. "झालं तुझं बोलून? आता मी सांगू, सही का नाही केली ते?"

खाली ऑफिसच्या गाडीने हॉर्न दिला. "संध्याकाळी सांग," म्हणत मी जिना उतरलो. संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, पुढे फोनवर तो विषय निघाला नाही, आणि आत्या गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिने काय सांगितलं असतं ते मला बहुधा कळतं. तरी एकदा ते तिच्याच तोंडून ऐकायला मिळावं म्हणून जीव तुटतो.