वहिनींची टोपली आणि वाळूचा बांध

आमची नदी डोंगरातून निघाली म्हणेपर्यंत समुद्राला मिळते. तरी आम्ही माओरी चारचौघांत उभे राहिलो की आधी तिचं नाव सांगतो, मग स्वतःचं. पिरिहिरा वहिनींविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल. जमेल तसं सांगतो.

नदीच्या मुखाशी दरवर्षी वाळूचा बांध साचतो. पूर्वजांच्या काळी शत्रूच्या होड्या त्यावर रुतल्या आणि नदीकाठची आमची बायकामुलं वाचली. तेव्हापासून त्या वाळूला लोखंड लावायचं नाही, हा आमचा शब्द. पण त्याच दिवसांत नदीतल्या वामींना, त्या सापासारख्या लांब माशांना, अंडी घालायला समुद्रात जायचं असतं. म्हणून आम्ही त्यांना ओल्या टोपल्यांतून बांधापलीकडे नेतो. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी एकही वर्ष चुकवलं नाही.

यंदा त्यांचा गुडघा गेला आणि तरणी पोरं शहरात.

माझी मुलगी हुइया म्हणाली, “काकू, सोमवारी यंत्र मागवलंय. बांध फोडला की सगळ्या आपोआप जातील.”

“वामींना सोमवार कळतो का गं?”

“आणि तुला तुझा गुडघा कळतो का?”

वहिनींनी टोपली भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे मुखाशी गेलो तर त्या आधीच पोचलेल्या. धुकं इतकं, की नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते समजेना. पाण्यात वामी काळ्या रेशमासारख्या सळसळत होत्या. वहिनी बांधाच्या माथ्यावर बसल्या. मी खालून टोपली द्यायची, त्यांनी ती पलीकडे लाटेत रिकामी करायची.

“भाऊजी, वाम धरताय की नमस्कार करताय?”

माझ्या हातून पुन्हा एक निसटली. धुक्यात त्यांचं हसू तेवढं ऐकू आलं.

मग एक थोराड वाम आली, मांडीएवढी जाड. टोपलीत मावेना. वहिनींनी तिला मांडीवर घेतलं. ती शांत पडून राहिली. वहिनी तिच्या कानाशी, म्हणजे कान असतील तिथे, हळूच काही बोलल्या. पण पलीकडे उतरायला उठल्या आणि गुडघ्याने दगा दिला. पुन्हा खाली बसल्या. वाम सुकू लागली.

मागून कोणीतरी ती अलगद उचलली. हुइया होती, बूट काढलेली. गुडघाभर लाटेत शिरून तिने वाम सोडली. परत येते तोच तिचा फोन वाजला.

“सोमवारचं यंत्र राहू द्या,” ती फोनवर म्हणाली. “आमचं काम चाललंय.” आणि फोन वाळूत ठेवून तिने माझ्यापुढे टोपलीसाठी हात केला.