कोब्यावरचं पाणी

या सदरातले अनुभव आमचे हे मला जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मी दर वेळी म्हणते, "त्या लिहिणाऱ्या बाईला आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगा." त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर यांनी मान खाली घालून जे हसू दाबलं, ते मी पाहिलंय. असो.

मी महाडची. मिरची-मसाला कुटायचे माझे तीन डंक आहेत. सुरुवात एका जुन्या, खडखडणाऱ्या डंकावर केली, कोणाच्या एका पैशाच्या मदतीशिवाय. तिखटात विटेची पूड मिसळलेली असली तर मला चिमटीत धरून कळतं. अशा बाईला कोणी काही भासवू शकत नाही, असं माझं स्वतःबद्दल पक्कं मत होतं. भूतबीत मला आजही पटत नाही. जे दिसलं त्याला काय म्हणायचं हे कळत नाही, एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही गाडी घेतली. पहिलीच गाडी, माझ्या नावावर, आणि चालवते पण मीच. घराच्या डाव्या अंगाला मोकळी जागा होती तिथे गॅरेज बांधलं. तीन बाजूंना भिंती, वर स्लॅब, पुढे शटर. मागची भिंत सलग आहे. तिला खिडकी नाही, साधा झरोकासुद्धा नाही. हे मुद्दाम सांगतेय.

आता प्रश्न रंगाचा आणि फरशीचा. महाडात रंग घेताना माणूस आधी एकच गोष्ट विचारतो — पुराचा गाळ बसला तर धुऊन निघेल का? पेंटवाल्याने शेडकार्ड उलगडलं.

"ताई, ग्रे घ्या. धूर दिसत नाही, टायरचे डाग दिसत नाहीत."

"मग मला काय दिसणार? पैसे दिलेले?"

"मग ऑफ-व्हाइट. उजेड राहील."

"उजेडाला बल्ब आहे. तो पिवळा दाखव. आणि किंमत आधी सांग, नाव मागनं सांग."

शेवटी तिन्ही रंगांचे छोटे डबे त्याच्याकडून फुकट उपटले आणि मागच्या भिंतीवर, पांढऱ्या प्रायमरवर, ओळीने तीन चौकोन मारून घेतले. ग्रे, ऑफ-व्हाइट, पिवळा. आठ दिवस बघायचं, मग ठरवायचं.

फरशीला सगळे म्हणत होते इपॉक्सी करा, नाहीतर पार्किंग टाइल्स लावा. मी म्हटलं, लाल कोबा करायचा. सिमेंटमध्ये लाल ऑक्साईड घालून घोटलेला.

हे म्हणाले, "तुमच्या कापड्याच्या घरात आहे तसा?"

"कापड्याचं नाव काढू नका," मी म्हटलं, आणि ताट घेऊन उठले.

कापडे माझं माहेर, पोलादपूर तालुक्यात. आमचे बाबा कोब्याचे मिस्त्री, आणि त्यांच्यामागे माझा मोठा भाऊ, दादा. नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन दादा कोबा असा घोटायचा की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. बाबा गेले आणि वर्षाच्या आत दादा हक्कसोडीचा कागद घेऊन माझ्या दारात आला. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, म्हणजे माहेर राहतं — ही आपल्याकडची रीत. मी कागद ओळन्‌ओळ वाचला. माझं नावसुद्धा धड लिहिलेलं नव्हतं.

"न विचारता कागद करून आणलास?" मी म्हटलं.

"सगळ्यांच्याच भयनी करतात, बाय. चार गुंठं तर हायत. सोड पाणी त्याच्यावर."

फुकट! कोथिंबिरीची जुडी मी भाजीवालीने सांगितलेल्या भावात घेत नाही, आणि हा माझा हक्क न विचारता, फुकट मागत होता. मी म्हटलं, "जमिनीवर नाही, मी माहेरावरच पाणी सोडते. जा." तो गेला. सात वर्षं झाली. कापड्याची बातमी माझ्या घरात आणायची नाही, असं मी सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलं होतं. माझा राग ठाऊक असल्यामुळे कोणी आणलीही नाही.

कोबा वरंधच्या एका मिस्त्रीने घातला. काम चांगलं केलं, पण घोटाई नुसती थापीची. दुसऱ्या दिवशी त्याने कडेने मातीचे छोटे बांध घातले, आत बोटभर पाणी भरलं आणि मला म्हणाला, "ताई, धा दिवस पानी सोडू नका."

माझ्या कपाळावर आठी आली. "काय म्हणालास?"

"पानी ओ. सोडलंत तर तडं जातील. बांध फोडायचा नाय, येवढंच सांगतो."

शब्द साधा होता, त्याचा काय दोष. पण दिवसभर माझ्या कानात तोच घुमत राहिला.

पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास डंकावरून आले, प्लास्टिकची खुर्ची शटरपाशी टाकली आणि रंग बघत बसले. ऊन तिरपं होऊन आत येत होतं. पाणी इतकं निवांत होतं की खाली लाल कोबा आहे हेच विसरायला व्हावं... सगळी मागची भिंत त्यात उलटी उतरली होती. ग्रे, ऑफ-व्हाइट, पिवळा, निळा.

निळा?

मी भिंतीकडे पाहिलं. तीन चौकोन. पाण्यात पाहिलं. चार. चौथा फिकट निळा — चुन्यात नीळ जास्त पडली की येतो तसा. मोबाइलवर फोटो काढला. फोटोत तीनच. यांना हाक मारली.

"किती रंग दिसतात पाण्यात?"

"तीन. का? दुकानदाराने चौथ्याचे पैसे लावले की काय?"

मी डोळ्यांवर पाणी मारलं. मिरचीने डोळे चुरचुरत असतील, म्हटलं.

चौथ्या दिवशी निळा पसरला होता. बाकीचे तिन्ही चौकोन त्याने गिळले होते आणि खाली जमिनीलगत हातभर रुंदीचा गेरूचा पट्टा आला होता. वर निळा चुना, खाली गेरू... ती भिंत मी जन्मापासून लग्नापर्यंत रोज पाहिली होती. कापड्याच्या आमच्या माजघराची भिंत. पाचव्या दिवशी त्या भिंतीत खिडकी दिसली. लाकडी गजांची, त्यातला एक गज मोडलेला. सहाव्या दिवशी खिडकीतून ऊन येत होतं.

खरं सांगते, भीती वाटली नाही. उलट दुपार कधी होते याची मी वाट बघायला लागले. डंकावर गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी पटकन "बरं, दे" म्हणायची — कामावरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. तीन वाजता खुर्चीत बसलं की अंग हलकं व्हायचं, रस्त्यावरचे हॉर्न लांब गेल्यासारखे वाटायचे. मी नुसती बघत बसायची. तासभर, दीड तास. डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी.

सातव्या दिवशी पाण्यात दादा होता.

भिंतीसारखाच उलटा. डोकं खाली, आणि गुडघे पाण्याच्या पापुद्र्याला आतल्या बाजूने टेकलेले. हातात गोटा. तो घोटत होता. गोल, गोल, एकाच जागी, पाण्याच्या खालून. एक लहर उठत नव्हती. केस पांढरे झालेले, जे मी कधी पाहिले नव्हते. मी खुर्चीतून खाली उतरून ओणवी झाले. माझं तोंड आणि त्याचं तोंड यांच्यात वीतभर अंतर असेल. त्याने वर पाहिलं, आणि ओठ हलले. आवाज नाही. पण "पाणी सोड" एवढे दोन शब्द मला ओठांवरून स्वच्छ कळले.

बस! माझं डोकं फिरलं. सात वर्षांनी तोंड दाखवतोस, तेही पाण्यातून, आणि तिथूनही हेच मागतोस? पुढे त्याचे ओठ अजून हलत होते, पण मी पुढचं बघितलंच नाही. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि शटरकडचा बांध दोन घावांत फोडला. लालसर पाणी धो धो अंगणात गेलं. हे धावत आले.

"अगं सुमन, दहा दिवस म्हणाला होता ना मिस्त्री!"

"मला माहितेय!"

पाणी उतरलं तेव्हा भिंतीवर तेच तीन चौकोन होते. आणि जिथे दादा घोटत होता तिथे ताटाएवढा गोल, आरशासारखा चकचकीत कोबा. बाकीची सगळी फरशी मंद होती. मी त्यावर हात फिरवला. गार आणि लोण्यासारखा मऊ. मिस्त्रीला नंतर दाखवला तेव्हा त्याने उकिडवं बसून त्यावर अंगठा घासून बघितला. "ह्ये माजं काम नाय, ताई. थापीनं असं व्हत नाय. ह्ये गोट्याचं हाय."

पण ते नंतर. त्या वेळी मी चपला घातल्या आणि गाडीची किल्ली घेतली.

"कुठे?" यांनी विचारलं.

"कापड्याला. भांडायला."

"मी येऊ?"

"नको. तुम्ही मध्ये पडता."

पोलादपूरला महाबळेश्वरच्या रस्त्याला वळेपर्यंत मी मनात सगळं भांडण पाठ केलं होतं. कापड्यात भाताची कापणी होऊन खाचरं मोकळी पडली होती. घराशी गाडी थांबवली तर वहिनी ओट्यावर होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"वन्सं... तुमाला कोनी सांगितलं?"

"काय सांगायचंय कोणी?"

तिने पदर तोंडाला लावला. "दोन म्हैनं झालं. उजवी बाजू गेली त्येंची. हातबी आन् वाचाबी. कळवू म्हनलं, पर तुमी बातमी आनायची नाय म्हनाल्तात."

मी म्हणाले होते. शब्द माझेच होते. तरी मला तिचाच राग आला. इतकं काय ऐकायचं माणसाने?

दादा माजघरात खाटेवर होता. केस पांढरे. मागे निळी भिंत, गेरूचा पट्टा, मोडक्या गजाची खिडकी. मी उंबऱ्यातच उभी राहिले. वहिनी मागून हळू आवाजात सांगत होती, "चार-पाच दिस झालं, दुपारी झोपलं की ह्यो मेलेला हात हलवतात. गोल, गोल, गोधडीवर. जागं झालं की परत लाकूड. डाक्टरला सांगितलं तर म्हनला असं हुयाचं नाय. आज तीनाला असंच चाललं व्हतं, आन् एकदम दचकून उठलं."

दादाने मान वळवली. मला ओळखायला त्याला क्षणभर लागला. मग त्याचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि दोन महिन्यांत जो माणूस बोलला नव्हता तो बोलला.

"सोडलं... पानी?"

कुठलं पाणी? कोब्यावरचं की चार गुंठ्यांवरचं? मी आयुष्यात कुठलाही सौदा अटी नीट समजल्याशिवाय केलेला नाही. पण त्याच्या डोळ्यांत मागणं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. काळजी होती. लहानपणी मी ओल्या कोब्यावरून पळायला निघाले की असायची तशी.

मी म्हटलं, "सोडलं."

त्याने डोळे मिटले. मी खाटेवर त्याच्या पायाशी बसले आणि थोड्या वेळाने म्हटलं, "पण सही करणार नाही. ते आत्ताच सांगून ठेवते."

"अवो वन्सं!" वहिनी म्हणाली.

दादाचा डावा गाल हलला. तो हसत होता. अर्ध्या तोंडाने, पण हसत होता. मग मला रडू आलं, आणि ते काही लवकर थांबलं नाही.

सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि राहील. दादाने पुन्हा तो विषय काढलेला नाही. महिनाभराने व्यायामासाठी त्याला महाडला आमच्याकडे आणलं. तोवर गॅरेज रंगवून झालं होतं — नीळ घातलेला चुना आणि खाली गेरू. पेंटवाला आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता. कोब्याला व्हायचे तसे तडे गेले होते. फक्त त्या गोल चकाकीच्या आत एकही नाही.

दादा माझ्या खांद्यावर भार टाकून गॅरेजच्या दारात उभा राहिला. कोबा कधी घातला, पाणी कधी भरलं, बांध कधी फोडला, यातलं काहीही मी त्याला किंवा वहिनीला सांगितलं नव्हतं. त्याने तडे बघितले, तो गोल बघितला, आणि मान हलवली.

"घाई केलीस, बाय," तो म्हणाला. शब्द आता सुटे यायला लागले होते. डाव्या हाताची तीन बोटं त्याने माझ्यासमोर धरली. "आनखी तीन दिस... पानी सोडू नको म्हनलं व्हतं."

त्या दिवसानंतर मी त्याला चार वेळा विचारलं. त्याला काही आठवत नाही असं म्हणतो. हे म्हणतात, मिस्त्री माणूस आहे, तडे बघून त्याने दिवस ओळखले. वहिनी म्हणते, बाबांनी घडवून आणलं. मला दोन्ही पटत नाही, आणि माझ्याकडे तिसरं काही नाही. तुमच्यापैकी कोणाला याचा अर्थ लावता आला तर जरूर कळवा. मी वाद घालीन, पण या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेईन.