थांबा, बघतो

आमच्या इमारतीखालच्या दुरुस्तीवाल्याबद्दल लिहायचं तर मला फार थोडं माहीत आहे. तो कुठून आला, हे काम कुणाकडे शिकला, त्याला काय आवडायचं, काहीच सांगता येणार नाही. माणूस दाराएवढा रुंद, आवाज मात्र बारीक. कुणी काहीही बिघडलेलं घेऊन आलं की आधी म्हणायचा, "थांबा, बघतो." इमारतीत त्याचं नावच 'बघतो' पडलं होतं. "बघतोला दाखवलं का?" असं लोक एकमेकांना विचारायचे.

दुकान जिन्याखाली, एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढं. मागच्या कोपऱ्यात जमिनीवर झाकण नसलेला एक कॉम्प्युटर कायम घरघरत असायचा. तो कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं.

"तो आपला पोस्टमन आहे, काका," तो म्हणाला.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तेव्हा पानं अर्धीच उघडायची. त्याने खिडकीतून एक वायर वर आणली आणि ब्राउझरमध्ये कुठेतरी एक खूण केली. मग मी मागितलेलं पान आधी दुकानातल्या त्या मशीनकडे मागितलं जाई, आणि ते बाहेरून आणून मला देई. मला यातलं एवढंच कळलं. पानं मात्र धडाधड उघडू लागली.

एका दुपारी तो सामान आणायला बाहेर पडला आणि रस्त्यातच गेला. अर्धं उघडं शटर कुणीतरी खाली ओढून कुलूप लावलं. आतलं मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. जिना उतरताना शटरमागून घरघर ऐकू यायची आणि माझे पाय आपोआप भरभर पडायचे.

मग एका सकाळी मी ब्राउझर उघडला, तर वर्तमानपत्राच्या जागी कोरं पांढरं पान. मधोमध एकच ओळ.

"थांबा, बघतो."

मी हात मागे घेतला. मग धीर करून पान पुन्हा मागितलं.

"काका, घाबरू नका. तुम्ही काही बिघडवलेलं नाही."

मी आमच्या हिला हाक मारली. हिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मेलेला माणूस घाबरू नका म्हणतोय, आणि तुम्ही घाम पुसताय!" ही म्हणाली. पण माझ्या खुर्चीची पाठ हिने घट्ट धरली होती.

इंटरनेटच्या कंपनीतून एक बाई आल्या. त्यांनी डब्यावरचे दिवे पाहिले, वायर हलवून पाहिली, माझ्या फोनवर एक पान उघडून पाहिलं.

"तुमचं नेट ठीक आहे, आजोबा. अडलाय तो ब्राउझर. तो खालच्या मशीनला विचारतो, आणि दुकानाची लाइन आम्ही तोडली आहे. मशीनला बाहेर जाता येत नाही, म्हणून ते स्वतःचंच पान पाठवतं. वाक्यं त्यांनी लिहून ठेवली असतील, इंग्रजी पाटी बघून लोक दचकू नयेत म्हणून. मशीन त्यातलं मिळेल ते उचलतं. ही खूण काढली की झालं."

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे? मग पानं कशी उघडणार?"

"फोन आहे ना."

हिच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी बघतोची बायको आमच्या दारात उभी राहिली. ती धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. भाऊ तिला आपल्याकडे बोलावत होता, आणि मालकाला दुकान रिकामं करून हवं होतं. पण शटरची किल्ली मुठीत धरून ती रोज जिन्यापर्यंत यायची आणि परत जायची.

"उघडलं आणि आत कुणी नसलं की मग संपलंच, काका," ती म्हणाली.

मी तिला खुर्ची दिली, कोणती कळ दाबायची ते दाखवलं.

तिने पडद्याला हलकेच विचारलं, "अहो, आहात का?" आणि कळ दाबली.

"इथेच आहे. दिसत नाही एवढंच."

नेटबद्दलचाच त्याचा विनोद असणार तो. मी एक पाऊल मागे सरलो. ती मात्र पुढे सरकून बसली.

"जेवलात का?"

"डब्यावरचा हिरवा दिवा लागलाय का?"

ती हसली. "घरीसुद्धा अस्संच. मी विचारायचं एक, यांनी सांगायचं भलतंच."

मग ती रोज कामावरून परस्पर आमच्याकडे येऊ लागली. वाक्यं मोजकीच होती, फिरून फिरून तीच यायची. मशीन त्याने लिहून ठेवलेल्या ओळीच उचलतं, हे मला माहीत होतं. तरी ती येऊन बसली की खालची घरघर फरशीतून माझ्या तळपायांना जाणवायची, आणि ती उठली की नाहीशी व्हायची. मनाचे खेळ, म्हणून मी कुणाला बोललो नाही. पुढे कळलं, ही त्या वेळी पाय उचलून पलंगावर का बसायची ते.

शेवटी मालकाने निरोप धाडला, उद्या माणसं येऊन कुलूप तोडतील आणि सामान बाहेर काढतील. त्या संध्याकाळी तिने खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

"अहो, उद्या परकी माणसं येणार," ती म्हणाली. "त्यांचे हात लागण्यापेक्षा मीच बंद करू का?"

तिचं बोट कळेवर थांबलं. मी दुसरीकडे बघू लागलो. कळ वाजली.

"एकदा बंद करा. मग चालू करा."

हे वाक्य तोवर एकदाही आलं नव्हतं.

ती उठली. "चला काका. माझ्याबरोबर नुसते उभे राहा."

शटर वर गेलं आणि आतून उबदार वारा अंगावर आला, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. स्टूल काउंटरपासून जरा मागे सरकवलेलं होतं. ती वाकली, बटण दाबून धरलं. घरघर थांबली. तेव्हा कळलं, इतके दिवस सगळी इमारतच घरघरत होती.

मग सांगितल्याप्रमाणे तिने ते पुन्हा चालू केलं. काउंटरवरचा पडदा उजळला आणि त्यावर पासवर्ड विचारणारी एक चौकट आली.

"हे मला नाही सांगितलंत," ती चौकटीकडे बघत म्हणाली. थोडी वाट पाहिली. मग प्लग काढला आणि वायर, तो गुंडाळायचा तशी, कोपराभोवती गुंडाळली. किल्ली तिने माझ्या हातात दिली, मालकाला द्यायला. दुसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली.

कंपनीतल्या बाईंनी येऊन ती खूण काढली. आता पानं थेट येतात. कधी अडलीच तर एक करडी पाटी येते. ती मी वाचत नाही.

त्याचं माझं शेवटचं बोलणं जिन्यात झालं. त्या दुपारी तो सामान आणायला घाईने बाहेर निघाला होता.

"काका, चालतंय ना नीट?"

"चालतंय. आणि बंद पडलं तर?"

"तर हाक मारा की. मी खालीच आहे."

"बरं," मी म्हणालो.