निळ्यात शिरलेला पिवळा

माझ्या मावशीचा स्वभाव म्हणजे एकदा धरलं की सोडायचं नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे हा स्वभाव मी पुरेपूर भोगलाय. शोभेच्या दारूच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं रंग कालवते. सगळे तिला रंगवाली म्हणतात. मी तिथेच पॅकिंगला आहे, मला कुणी काहीच म्हणत नाही.

आमचा कारखाना म्हणजे मोकळ्या माळावर लांब लांब बांधलेल्या छोट्या खोल्या. एकीत काही झालं तर दुसरी वाचावी म्हणून हे अंतर. टोकाची खोली मावशीची. आत एका वेळी एकच माणूस, तेही अनवाणी आणि सुती कपड्यांत. केसातली पिन, किल्ली, जे काही लोखंडाचं असेल ते दाराबाहेरच्या डब्यात ठेवायचं.

कामाला लागले त्या दिवशी तिने मला भाजी शिकवावी तसं सगळं सांगितलं होतं. "सोरा श्वास पुरवतो, म्हणून बंद कवचातसुद्धा जळतं. जळतो कोळसा. गंधक त्यांना चटकन पेटायला लावतं. एवढ्यावर नुसता धूर नि आवाज. लाल हवा तर स्ट्रॉन्शियम, हिरव्याला बेरियम, पांढऱ्या लखलखाटाला ॲल्युमिनियमची पूड."

"आणि निळा?"

"तो तांब्याचा. त्याचे नखरे फार. आच जरा वाढली की फिका पडतो."

तर गेल्या उन्हाळ्यात हाच निळा बिघडला. एका मोठ्या कार्यक्रमासाठी निळ्या ताऱ्यांची मागणी होती. तारे म्हणजे वाटाण्याएवढ्या गोळ्या. मसाला पाण्यात मळून त्या वळायच्या, सावलीत वाळवायच्या आणि मग कवचात भरायच्या. चाचणीला उडवल्या तर आभाळात मळकट, पिवळसर काहीतरी पसरलं. जुन्या धुण्याचा रंग असतो तसं. लाल ठीक होता, हिरवा थोडा उतरलेला, पण निळ्याची पार वाट लागली होती.

मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, तुमची नजर गेलीय. मोजताना चूक होतेय. सोमवारपासून पॅकिंगला बसा, इथे नवीन माणूस येईल." सव्वीस वर्षांचं काम त्यांनी चहा पिता पिता संपवलं. मला इतका राग आला की हातातली पेटी आपटावीशी वाटली. पण तिथे पेट्या आपटत नाहीत.

मावशी शांतपणे म्हणाली, "सोमवारी संध्याकाळी निळा दाखवते. नाही जमला तर स्वतः खोलीची किल्ली देते."

हाताशी चार दिवस होते. पहिल्या दिवशी तिने तांब्याची पूड बदलली. दुसऱ्या दिवशी चाळण्या, परात आणि ब्रश नवे घेतले, तराजू तपासून घेतला. प्रत्येक वेळी चार गोळ्या करायच्या, वाळवायच्या, मोकळ्या मैदानात पेटवायच्या. प्रत्येक वेळी तोच मळकट पिवळा. त्या दिवशी परतताना ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, यात निळा रंग सगळ्यात आधी मंद होतो.

रस्त्यात ती म्हणाली, "म्हणजे मालक अगदीच खोटं बोलला नाही."

"मग आता?"

"आता तू माझे डोळे. बरं वाटावं म्हणून काही सांगितलंस तर याद राख. आणि मोजमापात चूक नाही, ते माझे हात सांगतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भात टाकला आणि नेहमीप्रमाणे लक्ष दुसरीकडे. भात उतू गेला, मिठाचं पाणी शेगडीवर सांडलं आणि गॅसची निळी ज्योत भडक पिवळी झाली. मी फडकं घेऊन धावले तर मावशीने माझा हात धरला. पिवळं तिला चांगलंच दिसत होतं. ती त्या ज्योतीकडे बघत राहिली, भात करपला तरी.

"कारखान्यातली किटली आतून पांढरी कधीपासून झाली?" तिने विचारलं.

"नवीन बोअर घेतल्यापासून. चहाला चव नाही म्हणून सगळे ओरडतात की."

ती कपाळावर हात मारून खाली बसली. आम्ही सगळ्यांनी दोन महिने त्या पाण्याच्या नावाने बोटं मोडली, साबणाला फेस येत नाही म्हणून कुरकुर केली, आणि त्याच खाऱ्या पाण्यात तारे मळले. पाणी वाळून गेलं, मीठ आत राहिलं. मिठातला सोडियम असा हावरट की चिमूटभर असला तरी आपला पिवळा सगळ्यांवर फासतो. लाल त्यातून निभावतो. निळा बिचारा बुडतो.

तिने कारखान्याच्या वाटेत बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालतात त्या शुद्ध, बिनक्षाराच्या पाण्याचा कॅन घेतला, स्वतः उचलला. मला उचलू दिला नाही. त्याच पाण्यात तिने नवे तारे मळले. चौथा दिवस गोळ्या वाळण्यात गेला.

सोमवारी अंधारून आल्यावर मालक, मजूर, झाडून सगळे मैदानात उभे राहिले. कवच वर गेलं, फुटलं. मावशीने माझा हात घट्ट धरला होता.

"सांग."

"निळा आहे, मावशी. नुसता निळा."

"नक्की?"

"तुझी शपथ."

मालक जवळ आले, म्हणाले, "बाई, तुमची नजर..."

"नजर अधू आहेच. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. पण पिवळा माझ्या डोळ्यातून नाही आला, साहेब, तुमच्या बोअरमधून आला. परत येईपर्यंत माझ्या खोलीत कुणी बसायचं नाही."

कुणी बसलं नाही.

दोन्ही ऑपरेशनं आटोपून दोन महिन्यांनी ती परतली. मी तिच्यासाठी त्याच गोळ्यांतल्या चार राखून ठेवल्या होत्या. मैदानात नेऊन पेटवल्या. ती बघत राहिली. डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत.

"एवढा निळा होता?" ती म्हणाली. "आणि मी तो न बघता केला?"

"हो."

मग तिने नाक ओढलं, आपल्या खोलीच्या दाराशी जाऊन केसातली पिन काढून डब्यात टाकली आणि चपला काढल्या.

"कडेला जरा फिका आहे," म्हणाली, आणि आत गेली.